पिकअपच्या मागच्या चाकांचा ट्रॅव्हल वाढवायचा आहे: चॅसिसला खाच पाडावी का, आणि पाडायची तर कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी आयसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, मागे कमानपाटे (लीफ स्प्रिंग), उंची कंपनीचीच. खराब रस्त्यावर वेग धरला की मागचे हाउसिंग (दोन चाकांना जोडणारी अॅक्सलची नळी) बंपस्टॉपवर (धक्का थोपवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आपटते. गाडी आणखी उंच करायची नाही, कारण हौद्यात सामान असताना ती आडवी कलंडण्याची भीती वाटते. मागचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक वर-खाली होण्याचे एकूण अंतर, आज साधारण २०० मि.मी. आहे, तो २८० पर्यंत न्यायचा आहे. हाउसिंगच्या वर चॅसिसच्या साइड मेंबरला (लांबीच्या लोखंडी तुळईला) खाच पाडली तर चालेल का?

चालेल. पण खाच फक्त वरचा ट्रॅव्हल देते, म्हणजे चाक वर येण्याची जागा. चाक खाली लोंबण्याचा ट्रॅव्हल तिच्याने एक मिलिमीटरही वाढत नाही. म्हणून आधी ठरवा की गाडी चालवणार कुठे. गोव्यात २०१४ पासून भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेसारख्या चिखल-ओढ्याच्या वाटांवर वेग नसतो. तिथे एक चाक हवेत राहते आणि गाडी अडते. अशा ठिकाणी खालचा ट्रॅव्हल आणि मऊ पाटे कामाला येतात, खाच पाडून काही साधत नाही. राजस्थानच्या वाळूत किंवा माळरानावरच्या लाटांसारख्या रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगाने जायचे असेल, तर मात्र वरचा ट्रॅव्हल हवाच, आणि उंची न वाढवता तो मिळवायचा तर चॅसिस कापण्याला पर्याय राहत नाही.

कायद्याचेही आत्ताच सांगतो, कारण काम झाल्यावर ते कळून उपयोग नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. चॅसिस कापणे हा तर मूळ गाभ्यातला बदल. अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करेल. त्यामुळे पुढचे सगळे अशा गाडीसाठी आहे जी स्पर्धेच्या ठिकाणी ट्रेलरवरून जाते आणि बंदिस्त ट्रॅकवर किंवा खासगी जमिनीवरच धावते. रोज रस्त्यावर फिरणारी गाडी असेल तर पाटे, शॉकअप आणि बंपस्टॉपपर्यंतच थांबा, आणि त्यातलेही काय चालते ते आरटीओत विचारून घ्या.

आधी मोजा, मग बोला

हौदा उतरवा. बोल्ट, वायरिंगचे कपलर आणि डिझेल भरण्याच्या नळीची क्लिप काढली की चार माणसांत तो उचलतो. हौदा जागेवर ठेवून हे काम नीट होत नाही. वरून दिसत नाही, ग्राइंडर फिरत नाही, आणि वेल्डिंगच्या ठिणग्या कुठे पडताहेत ते कळत नाही.

गाडी सपाट काँक्रीटवर उभी करा. हौदा नसल्याने मागचा भाग वर आला असेल, म्हणून हौदा काढण्याआधीच हाउसिंगच्या नळीचा माथा ते चॅसिसचा तळ हे अंतर दोन्ही बाजूंनी मोजून ठेवा. नेहमीचे सामान आणि माणसे गाडीत असताना मोजा, रिकाम्या गाडीवर नाही. हा तुमचा शून्य बिंदू.

आता चॅसिस घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा, चाके आणि शॉकअप काढा आणि पाट्यांच्या जुडीतला फक्त मुख्य पाटा ठेवून बाकीचे उतरवा. एका पाट्यावर हाउसिंग जॅकने सहज वर-खाली होते, आणि मुख्य पाटा व शॅकल (पाट्याचे मागचे टोक धरणारी झुलती कडी) जागेवर असल्याने ते खऱ्या वाटेनेच फिरते. दर २५ मि.मी.ला थांबून लिहून घ्या. हाउसिंग पुढे-मागे किती सरकले, शॅकलचा कोन किती झाला, प्रोपेलर शाफ्टची स्लीव्ह किती आत-बाहेर झाली, ब्रेकचा होज कधी ताणला. आधी दोन्ही बाजू एकत्र, मग एक बाजू पूर्ण वर आणि दुसरी पूर्ण खाली. या तिरक्या स्थितीत डिफरन्शियलचा गोळा कलून वर येतो आणि सायलेन्सर, स्टेपनीचा कंस किंवा हौद्याच्या तळाची पट्टी यांना गाठतो. या मोजणीत पहिला अडथळा चॅसिस नसून सायलेन्सर आहे असे निघाले, तर एका नळीचा वळसा बदलून काम होते.

आता हिशोब. पुढचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे मोजून घ्या. समजा हाउसिंग ते चॅसिस ११५ मि.मी. आहे. बंपस्टॉपची उंची ६०, तो दबून ३५ चा होतो. म्हणजे वरचा ट्रॅव्हल ८० मि.मी. खाली शॉकअप १२० ला संपतो. एकूण २००. हवे आहेत वर १३० आणि खाली १५०.

खालचे ३० मि.मी. लांब शॉकअप, योग्य शॅकल आणि लांब ब्रेक होज एवढ्यावर मिळतात. वरचे १०-१५ मि.मी. मूळ कडक रबराच्या जागी मायक्रोसेल्युलर पीयूचा (पॉलियुरेथेनचा) बंपस्टॉप लावून मिळतात, कारण तो जास्त दबतो आणि हळूहळू कडक होत जातो. चॅसिसला ग्राइंडर न लावता तुम्ही २४०-२४५ ला पोहोचता. माझा सल्ला असा की एवढेच करून एक मोसम गाडी चालवा. बहुतेक लोकांची तक्रार इथेच मिटते, कारण खरा दोष बहुधा थकलेल्या शॉकअपचा असतो आणि ठपका ट्रॅव्हलवर बसतो.

तरीही उरलेले हवे असेल तर: वर १३० मि.मी., अधिक पूर्ण दबलेला बंपस्टॉप २५, एकूण १५५. हातात आहेत ११५. म्हणून खाच ४० मि.मी. खोल. साठ नाही, 'करतोच आहोत तर' म्हणून ऐंशी तर नाहीच. का, ते पुढे.

चॅसिसची ताकद कुठे असते

साइड मेंबरला वाकवणारा जोर वरचा आणि खालचा पत्रा पेलतात, उभ्या बाजू त्या दोघांना एकमेकांपासून दूर धरून ठेवतात. हे अंतर कमी झाले की ताकद झपाट्याने उतरते. १५० मि.मी. उंच, ७५ रुंद आणि ३ मि.मी. पत्र्याची बंद पेटी घ्या. तळातून ४० मि.मी. कापून तेवढ्याच जाडीच्या पत्र्याने खाच बंद केली, तर त्या जागी वाकण्याविरुद्धची ताकद मूळच्या ६४ टक्के उरते आणि ताठरपणा ४७ टक्के. खाच तशीच उघडी सोडली तर काय उरेल ते मोजण्यात अर्थ नाही, पहिल्याच मोठ्या खड्ड्यात चॅसिस तिथे मिटेल.

आता खाचेची कमान ६ मि.मी. जाड घेतली आणि दोन्ही उभ्या बाजूंना ५ मि.मी.च्या प्लेटा लावल्या, तर ताकद ९५ टक्क्यांपर्यंत परत येते आणि ताठरपणा ८० च्या आसपास. प्लेट फक्त बाहेरून लावली, जसे बरेच ठिकाणी आतल्या बाजूला हात जात नाही म्हणून करतात, तर ताकद ८२ वर थांबते, आणि एकाच बाजूला जाडी वाढल्याने मेंबर पिळला जातो. म्हणून आतली प्लेट टाळू नका. ब्रेकची नळी आणि वायरिंगचा जुडगा सोडवून बाजूला बांधावा लागला तरी चालेल.

दुसरी गोष्ट लोक विसरतात. या जागी जोर एकाच दिशेने येत नाही. गाडी पाट्यांवर चालते तेव्हा पुढच्या हँगरला (पाट्याचे पुढचे टोक धरणाऱ्या कंसाला) आणि मागच्या शॅकलला वर ढकलले जाते, मधल्या हौद्याचे वजन खाली येते, आणि तळाचा पत्रा ताणला जातो. हाउसिंग बंपस्टॉपवर आपटते त्या क्षणी चित्र उलटते. मध्ये खालून धक्का, दोन्ही टोकांचे वजन खाली, आणि तोच तळ आता दाबला जातो. ताण-दाब, ताण-दाब असे हजारो वेळा झाले की धातू थकतो. खाचेच्या तोंडाच्या कोपऱ्यात तडा जातो तो याच कारणाने, एका मोठ्या फटक्याने क्वचितच.

तुमचा मेंबर पेटी आहे की सी-चॅनल, हेही त्या जागी हात घालून पाहा. २००५ ते २०२३ पर्यंतच्या टोयोटा टॅकोमाचा मागचा भाग उघड्या सी-चॅनलचा आहे, आणि तशा चॅसिसला खाच पाडण्याआधी तेवढी लांबी पत्र्याने बंद करून पेटी करावी लागते.

कापणी आणि वेल्डिंग

सामान असे. सहा इंची शेड्यूल ४० पाइपचा तुकडा, बाहेरचा व्यास १६८ मि.मी., जाडी ७. आयएस २०६२ ई३५० ग्रेडची ५ मि.मी. प्लेट, दोन्ही बाजूंच्या मिळून चार तुकड्यांसाठी. ओळंबा, पाणसळ, गुण्या, सहा-आठ मोठे सी-क्लॅम्प, ५० x ५० x ६ चा दीड मीटर अँगल, चार घोड्या, दोन जॅक, आणि अग्निशामक नळकांडे हाताशी. डिझेलची टाकी जवळ असेल तर उतरवा, झाकून भागवू नका. बॅटरीची दोन्ही टोके आणि ईसीयूचे (इंजिनच्या संगणकाचे) कपलर काढा. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प जोडापासून हातभर अंतरात, उघड्या धातूवर. ती हाउसिंगला लावलीत तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर डाग पडतात.

पाइपच का? १६८ व्यासाच्या पाइपची ४० मि.मी. उंचीची कमान कापली की तिचे तोंड १४३ मि.मी. येते. हाउसिंगची नळी साधारण ८५-९० ची, म्हणजे पुढे-मागे पंचवीसेक मि.मी. मोकळे राहतात. एवढे लागतातच, कारण पाटा सरळ होताना हाउसिंग मागे सरकते. खाचेचा मध्य आज जिथे हाउसिंग उभे आहे तिथे धरू नका. मोजणीत पूर्ण वरच्या स्थितीत ते जिथे होते तिथे ओळंबा सोडून खूण करा. ही चूक इतकी सर्रास होते की तयार खाचेच्या मागच्या कडेला हाउसिंगच्या ठोक्याची चकाकी दिसते.

कापण्याआधी चॅसिसला आधार. खाचेच्या पुढे आणि मागे, दोन्ही मेंबरखाली घोड्या, आणि पाणसळीने चारही समान. मग अँगल मेंबरच्या वरच्या अंगाला लांबीने ठेवून सी-क्लॅम्पने घट्ट आवळा. टाके मारू नका, प्रत्येक टाका हा उद्याच्या तड्याचा आरंभ असतो. चार ठरावीक छिद्रांमधले कर्ण मोजून लिहा. काम संपेपर्यंत दोन कर्णांतला फरक ३ मि.मी.च्या वर जाता कामा नये. एका वेळी एकच बाजू कापा. पहिली पूर्ण वेल्ड होऊन निवल्यावरच दुसरीला हात लावा.

प्लेटचा आकार आधी पुठ्ठ्यावर काढा. लांबी खाचेच्या तोंडापासून दोन्हीकडे किमान १५० मि.मी., म्हणजे एकूण ४५० च्या आसपास. टोके सरळ उभी कापायची नाहीत, शंकरपाळ्यासारखी निमुळती करायची. प्लेट जिथे संपते तिथे ताठरपणा एकदम बदलतो. टोक उभे असेल तर तो सगळा बदल आणि वेल्डचा भाजलेला पट्टा मेंबरच्या एकाच रेषेवर येतो, आणि चॅसिस बरोबर त्या रेषेवर तुटते. निमुळत्या टोकाने तोच बदल हातभर लांबीत विरून जातो. शिवाय पुढचे आणि मागचे टोक दुसऱ्या कुठल्या कंसाच्या वेल्डवर किंवा छिद्रावर येणार नाही असे पाहा. आतल्या आणि बाहेरच्या प्लेटची टोकेही समोरासमोर ठेवू नका, तीस-चाळीस मि.मी. मागे-पुढे करा. वरची कड मेंबरच्या वाकवलेल्या कोपऱ्यापासून १०-१२ मि.मी. खाली थांबवा, त्या वळणावर वेल्ड नको.

रंग, गंज आणि जस्त चकाकीपर्यंत घासून काढा. क्रम असा: बाहेरची प्लेट खाचेसह कापून जागेवर आवळा आणि ४०-५० मि.मी.चे तुटक वेल्ड मारा, एक इथे, पुढचा दुसऱ्या टोकाला. आता प्लेटच्या कडेने मेंबर कापा. कटिंग डिस्कने कोपऱ्यात पुढे जाऊन रेघ पडू देऊ नका. ती अर्ध्या मिलिमीटरची रेघही तड्याला पुरते. कोपरे फाइलीने गोल करा. मग पाइपची कमान बसवा. फट १-२ मि.मी. असावी, वेल्डने दरी भरू नका. कमान मेंबरच्या दोन्ही उभ्या बाजूंना आणि तळाच्या पत्र्याला पूर्ण सलग वेल्ड, शेवटी आतली प्लेट. प्लेटांना मध्ये १६ मि.मी.ची छिद्रे ८० मि.मी. अंतराने, एका ओळीत न येता, आणि त्यांतून प्लग वेल्ड.

को-टू (कार्बन डायऑक्साइड वायूचे) वेल्डिंग मशीन असेल तर ईआर७०एस-६ ची १.० मि.मी. तार आणि साधारण १३०-१६० अँपिअर, पण आधी तेवढ्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यांवर मारून, कापून, आत किती शिरले ते डोळ्यांनी पाहा. चाप जाड प्लेटवर धरा आणि ३ मि.मी.च्या पत्र्याकडे फक्त शिवून आणा, नाहीतर पत्रा जळून पातळ होतो. रॉडनेच करायचे तर ७०१८, ३००-३५० अंशांवर तासभर भाजून कोरडा केलेला. ६०१३ गेट-ग्रिलला ठीक आहे, इथे नाही. आणि वेल्डवर पाणी किंवा ओले फडके कधीही नाही. चॅसिसचे पोलाद झटक्यात थंड केले की वेल्डच्या कडेला ते ठिसूळ होते. आपोआप निवू द्या.

निवल्यावर आत पोकळीत मेणाचा फवारा, तळाला पाणी निघायला एक १० मि.मी.चे छिद्र, पण कमानीत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात वेल्डची आतली बाजू वर्षभरात पापुद्रे धरते, हा फवारा सोडू नका.

बंपस्टॉप नेमका कुठे जाणार

बहुतेक गाड्यांत मूळ बंपस्टॉप हाउसिंगच्या बरोबर वर असतो, म्हणजे खाच पाडली की त्याची जागाच जाते. इथे हौसेच्या कामांत सगळ्यात मोठा घोळ होतो. खाच पाडतात, बंपस्टॉप काढून टाकतात आणि 'आता पुष्कळ जागा आहे' म्हणून गाडी चालवतात. मग शॉकअप हाच बंपस्टॉप होतो. त्याचा वरचा कंस उखडतो किंवा आतला दांडा वाकतो.

दोन मार्ग आहेत. कमानीच्या माथ्यावर आडवी ८ मि.मी.ची बैठक करून त्यात पीयूचा बंपस्टॉप, वरचा हिशोब याच रचनेचा आहे. किंवा मेंबरच्या बाजूला नळकांड्यात बसवलेला नायट्रोजनचा हायड्रॉलिक बंपस्टॉप. तो फटका जास्त सौम्यपणे घेतो, पण महाग आहे आणि त्याच्या कंसाला मेंबरच्या उभ्या बाजूवर वेगळी प्लेट आणि दोन तिरके गसेट (त्रिकोणी आधारपट्ट्या) लागतात. कसाही लावा, पूर्ण दबलेल्या स्थितीत धातू ते धातू २० मि.मी. उरले पाहिजेत, आणि हाउसिंगवर त्याच्यासाठी सपाट पॅड हवा. गोल नळीवर आपटणारा बंपस्टॉप कडेने फाटतो.

पाटे आणि शॅकल

हाउसिंगला जागा दिली पण पाटा तिथवर जाऊ शकत नसेल तर सगळे वाया. पाट्याचा कडकपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १२०० च्या जागी १४०० मि.मी. लांब पाटा, जाडी-रुंदी तीच, तर कडकपणा ६३ टक्क्यांवर येतो. अमेरिकेतल्या वाळवंटी पिकअपवाल्यांनी म्हणूनच शेवरोलेचे ६३ इंची पाटे छोट्या गाड्यांना बसवायला सुरुवात केली. आपल्याकडे पाटे बनवणाऱ्याकडून करून घेताना जाड तीन-चार पाट्यांपेक्षा पातळ सात-आठ मागा. तेवढेच वजन पेलतात आणि प्रत्येक पाटा कमी ताणात जास्त वाकतो. 'हेवी ड्यूटी' म्हणून एक पाटा वाढवला की गाडी उंच होते आणि ट्रॅव्हल घटतो.

शॅकलचा हिशोब साधा आहे. पाट्याच्या कमानीची उंची ह आणि दोन डोळ्यांमधले अंतर ल असेल, तर पाटा सरळ झाल्यावर तो साधारण ८ x ह x ह ÷ (३ x ल) एवढा लांबतो. ल १३०० आणि चालतानाची कमान १०० असेल तर सपाट होताना मागचा डोळा २० मि.मी. मागे जातो. १३० मि.मी. खाली लोंबला की कमान २३० होते आणि डोळा सुमारे ८८ मि.मी. पुढे ओढला जातो. म्हणजे एकूण १०८ मि.मी.चा झोका. १०० मि.मी.चा शॅकल चालतानाच्या स्थितीत मागे ४० अंश कलता ठेवला तर सपाट पाट्याला तो ५७ अंशांवर जातो आणि पूर्ण लोंबल्यावर उभ्या रेषेच्या १४ अंश पुढे. हे चालते. तोच शॅकल उभा लावला असता तर लोंबताना पुढे जाऊन अडकला असता. तुम्हाला खाली १५० हवे आहेत, म्हणून शॅकल ११५-१२० चा घ्या आणि हाच हिशोब आपल्या आकड्यांनी परत करा.

मऊ पाट्यांचा तोटा म्हणजे हाउसिंग पिळणे. एक्सलरेटर दाबला की डिफरन्शियलचे नाक वर उचलते, पाटा इंग्रजी एससारखा होतो आणि चाक टपटप उड्या मारते. कंपनी एक शॉकअप हाउसिंगच्या पुढे आणि एक मागे लावते ते यालाच आवर घालायला. ती मांडणी मोडत असाल तर हाउसिंग ते क्रॉस मेंबर अशी एक ट्रॅक्शन बार द्या, पुढच्या टोकाला छोटा शॅकल ठेवून. तो शॅकल नसेल तर बार आणि पाटा वेगवेगळ्या वर्तुळात फिरायला पाहतात आणि ट्रॅव्हल अडकतो.

शॉकअप, शाफ्ट, ब्रेक

२८० मि.मी.चा ट्रॅव्हल आणि २० अंश तिरका शॉकअप, तर दांडा २६३ मि.मी. धावतो. दोन्ही टोकांना १२-१२ राखून २८७. दहा इंची स्ट्रोक अपुरा, १२ इंची घ्यावा लागतो. तो पूर्ण दबल्यावरही साधारण अर्ध्या मीटरचा असतो, म्हणून वरचे टोक हौद्याच्या तळातून वर निघणार. दोन मेंबरना जोडणारी ४४ मि.मी. व्यासाची, ३ मि.मी. जाड सीमलेस पाइपची कमान, तिला पुढे-मागे तिरके टेकू, आणि कंस दोन्ही बाजूंनी बोल्ट धरणारे. ही कमान खाचेच्या जवळ मेंबरना पिळण्यापासूनही रोखते, त्यामुळे खाच आणि कमान एकाच कामाचा भाग समजा. खालच्या टोकाला शॉकअप ताणून संपण्याआधी लिमिट स्ट्रॅपने हाउसिंग थांबले पाहिजे. पट्टा ताणाखाली आठ-दहा टक्के लांबतो, तेवढा आखूड कापा.

पूर्ण लोंबलेल्या स्थितीत प्रोपेलर शाफ्ट हाताने पूर्ण फेरा फिरवा. कुठे जड लागला तर यू-जॉइंटचा काटा अडतोय, ट्रॅव्हल तिथेच थांबवा. स्लीव्ह पूर्ण वरच्या स्थितीत तळाला लागण्याआधी २० मि.मी. मोकळी हवी, आणि पूर्ण लोंबल्यावर आत किमान ४०-५० मि.मी. स्प्लाइन उरली पाहिजे. ब्रेक होज, एबीएसची वायर, हँडब्रेकची केबल आणि हाउसिंगची ब्रीदर नळी यांना एक बाजू वर, दुसरी खाली अशा तिरक्या स्थितीतल्या टोकापेक्षा ३० मि.मी. ढील द्या. हाउसिंगला दांडीने जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (हौद्यातल्या वजनाप्रमाणे मागचे ब्रेक कमी-जास्त करणारा) असेल तर पाटे बदलल्यावर तो पुन्हा जुळवा. नाहीतर त्याला वाटते हौदा रिकामा आहे, मागचे ब्रेक कमी लागतात आणि थांबायचे अंतर वाढते.

पुढच्या चाकांसाठी चॅसिस कापण्याचा विचार सोडा. तिथे ट्रॅव्हल अडवतात ते सीव्ही जॉइंटचे कोन, बॉल जॉइंट आणि आर्मची लांबी. ट्रॅव्हल हवा तर लांब आर्म आणि लांब ड्राइव्हशाफ्ट, बाकी उपाय नाही. पुढे खूप कमी आणि मागे खूप जास्त असे झाले तर गाडी वेगात नाक आपटते, म्हणून मागे २८० पुरे. तुलनेसाठी, डाकार रॅलीत २०२२ पासून लागू झालेल्या टी१+ वर्गात, जिथे कारखान्याच्या हायलक्स धावतात, नियमाने कमाल ट्रॅव्हल ३५० मि.मी. आहे, आणि त्या गाड्यांत कंपनीची चॅसिस नसते. तीनशेच्या पुढे जायचे तर केबिनच्या मागची चॅसिस पूर्ण काढून पाइपची उभारावी लागते, खाच पाडून ते होणार नाही.

जोडल्यावर

पहिली चाचणी हौदा न बसवता, रिकाम्या मैदानात. कमानीच्या माथ्याला आणि हाउसिंगवर मऊ मातीचा गोळा चिकटवा, तीन-चार वेळा उंचवट्यावरून जा आणि गोळा किती दबला ते मोजा. २० मि.मी.हून पातळ झाला तर बंपस्टॉप कमी पडतोय. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट वर आणि खाली दोन्हीकडे मोजून लिहून ठेवा. ती वर-खाली वेगळी होऊ लागली तर चॅसिस वाकू लागली आहे, आणि हे डोळ्यांना दिसायच्या आधी फुटपट्टीला कळते.

१०० कि.मी.नंतर यू-बोल्ट आणि शॅकलचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर आवळा. ५०० कि.मी.नंतर आणि पुढे प्रत्येक मोठ्या फेरीनंतर वेल्डची टोके डाय पेनिट्रंटने तपासा. तीन डबे मिळतात. क्लीनरने पुसायचे, लाल रंग मारून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, कोरडे पुसून पांढरा डेव्हलपर फवारायचा. निरोगी जागा पांढरी राहते. तडा असेल तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेष उमटते आणि बघता बघता जाड होते. ती सापडण्याच्या जागा तीनच: खाचेच्या तोंडाचे दोन कोपरे, प्लेटची निमुळती टोके आणि शॉकअपच्या कमानीचे पाय. रेष दिसली तर तिच्यावर नुसता वेल्ड फिरवू नका. तड्याच्या टोकाच्या किंचित पुढे ३ मि.मी.चे छिद्र पाडा, तडा ग्राइंडरने पूर्ण खोल खरवडून काढा, भरा, आणि तो तिथे का आला ते शोधा. बहुधा आतली प्लेट नसते, किंवा बंपस्टॉप वेळेआधी संपलेला असतो.